केकताडाचा अर्क



आज मी दारूच्या चवीवर बोलणार आहे, हे ऐकून घरातून पहिला प्रश्न आला, ‘तुम्हाला काय कळतं त्यातलं?’ प्रश्न रास्त आहे. मी दारू पीत नाही. धर्माने मनाई आहे म्हणून पीत नाही, आणि लहानपणी गावात जे पाहिले त्यामुळे कधी प्यावीशीही वाटली नाही. आता आमच्या उर्दू शायरीत न पिता मद्यावर लिहिणाऱ्यांची तूट नाही. रियाज़ खैराबादींनी आयुष्यभर मद्यावर शेर लिहिले आणि स्वतः मात्र त्यापासून दूर राहिले, असे सांगतात. पण शायरी ही एक गोष्ट आणि चव ही दुसरी. त्या शायरीत प्याला आहे, साकी आहे, मयखाना आहे, नशा आहे. मद्याची चव कशी होती, हे मात्र ‘कडू’ या शब्दापलीकडे फारसे कोणी सांगत नाही. हे असे का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तो पडला एका बाटलीमुळे.

माझे एक मित्र कृषी खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांची मुलगी परदेशातून आली, तिने वडिलांसाठी दोन बाटल्या आणल्या. दोन्हींवर ‘टकीला’ लिहिलेले आणि खाली ‘ब्लँको’. ब्लँको म्हणजे पांढरी. खरे तर बिनरंगाची, पाण्यासारखी. लाकडी पिंपात न मुरवता, भट्टीतून उतरली की तशीच, किंवा फार तर दोन महिन्यांच्या आत बाटलीत भरलेली. मित्राने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, स्वतःपुढे दोन लहान पेले मांडले आणि म्हणाले, ‘भाईसाहेब, तुम्ही अत्तरवाल्याचे चिरंजीव. जीभ नको, पण नाक तर चालेल ना?’

हे खरे आहे. आमचे अब्बा अत्तर आणि सुरमा विकत. फुलंब्रीचा बाजार, खुलताबादचा उरूस, अशी त्यांची फिरती असे. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती. अत्तर बाटलीला नाक लावून कळत नाही. थेंबभर हातावर घ्यायचे, चोळायचे आणि थांबायचे. ते म्हणत, ‘पहिला वास दुकानदाराचा, दुसरा फुलाचा.’ म्हणून मी मित्राला म्हटले, तळहातावर दोन थेंब द्या. हात नंतर धुता येतो.

दोन्ही तळवे चोळले. आधी नाकात झिणझिण्या आल्या. तो स्पिरिटचा उग्रपणा होता, क्षणात उडून गेला. मग हिरवा, ओला वास आला. विळ्याने ताजे गवत कापल्यावर येतो तसा, त्यात किंचित मिरीचा तिखटपणा. आणि हात कोरडे झाल्यावर जे मागे राहिले, ते आरात भाजलेल्या रताळ्यासारखे, थोडे काकवीसारखे. त्यातला हिरवा वास मला ओळखीचा वाटला. कुठला, ते मात्र आठवेना. मित्र हसून म्हणाले, ‘अहो, हे आपलं केकताड!’

केकताड हा शब्द मराठवाड्यात कोणाला सांगावा लागू नये. पुस्तकी मराठीत त्याला घायपात म्हणतात. बांधावर, ओढ्याकाठी, रेल्वेच्या कडेने उभी असणारी ती जाड, काटेरी टोकाची, तलवारीसारखी पाने. शेळी त्याला तोंड लावीत नाही, दुष्काळ त्याला मारीत नाही. वर्षानुवर्षे ते जमिनीलगत बसून राहते, आणि एके वर्षी मधोमध उंच दांडा काढते, फुलते आणि मरते.

आमच्या गावात केकताडाचे खरे जाणकार होते मातंग वस्तीतले नाना. त्यांना आम्ही सगळी पोरे नानाच म्हणायचो. ते पाने कापून आणायचे, काटे छाटायचे, जुड्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली कुजत घालायचे. काही दिवसांनी त्या बाहेर काढल्या की वस्तीभर वास सुटायचा. मग बडवायचे, धुवायचे, वाळवायचे. हाती यायचा पांढरा, रेशमासारखा वाख. त्या वाखाचे कासरे, दावी, चऱ्हाटे, बैलांच्या मोरख्या. पोळ्याच्या आधी नानांच्या दारात शेतकऱ्यांची रीघ लागायची. ताज्या कापलेल्या पानाचा रस हाताला लागला की खाज सुटायची, आणि तोच हिरवा वास दिवसभर बोटांना राहायचा. मित्राच्या बैठकीत माझ्या तळहातावर आलेला वास तो होता.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण दोन उलट दिशांचे प्रवास या वासात एकत्र आले आहेत.

केकताड आपले नाही. ते मूळचे मेक्सिकोचे. अमेरिका खंडातून मिरची आली, पेरू आला, सीताफळ आले, तसे तेही पोर्तुगीज आणि पुढे इंग्रजांच्या काळात इकडे आले आणि कुंपण म्हणून, दोरासाठी म्हणून पसरले. त्याच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत. आपल्याकडे बांधावर दिसणारी जात वेगळी, आणि टकीलासाठी लागणारी निळसर पानांची जात वेगळी. पण कूळ एक.

उलट दिशेने गेले ते यंत्र. दारू गाळायच्या भांड्याला स्पॅनिश भाषेत ‘अलांबिके’ म्हणतात. हा अरबी ‘अल-अंबीक’. अरबांनी तो ग्रीकांकडून घेतला आणि स्पेनला दिला, स्पेनने सोळाव्या शतकात मेक्सिकोला नेला. अभ्यासक दुसरीही एक वाट सांगतात. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि मेक्सिको यांच्यामध्ये स्पेनची गलबते ये-जा करीत होती. त्यांतून गेलेल्या फिलिपिनो खलाशांनी माडाची दारू गाळण्याची आपली साधी भट्टी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर मांडली, आणि तिच्यात पुढे केकताडाचा आंबवलेला रस चढला. म्हणजे आशियाने भट्टी दिली आणि मेक्सिकोने झाड दिले. तिकडे त्या दोघांची टकीला झाली. इकडे दख्खनमध्ये भट्टीही होती आणि झाडही होते, पण त्यांची शतकानुशतके गाठ पडली नाही. आपल्याकडे झाडाचा दोर झाला.

शब्दांचेही पाहा. ‘अर्क’ म्हणजे अरबीत घाम. तापलेल्या भांड्याच्या झाकणावर जमतो तो घाम. आणि ‘अल्कोहोल’ हा शब्द आला ‘अल-कुहल’वरून, कुहल म्हणजे सुरमा. आधी बारीक पूड, मग कुठल्याही वस्तूचे सूक्ष्म सत्त्व, असा अर्थ सरकत गेला. कनौजला गुलाबाचे अत्तर ज्या भांड्यात उतरवतात त्याला भपका म्हणतात, आणि मराठीत दारूच्या वासाचाही भपकाच येतो. अब्बांच्या पेटीत अत्तर आणि सुरमा शेजारी असायचे. त्या पेटीत दारू नव्हती, पण तिची नावे होती. हे त्यांना कळले असते तर ‘तौबा’ म्हणून हसले असते.

टकीला कशी होते तेही थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय चव कळत नाही. निळे केकताड पिकायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. फुलाचा दांडा निघू लागला की तो कापून टाकतात, नाहीतर सगळी गोडी फुलात जाते. मग पाने छाटून मधला गड्डा काढतात. तो अननसासारखा दिसतो आणि चांगला तीस-चाळीस किलोंचा, कधी त्याहून मोठाही भरतो. गड्डे विटांच्या भट्टीत दीड-दोन दिवस वाफेवर शिजवतात. त्यात गड्ड्यातल्या सत्त्वाची साखर होते. जुन्या पद्धतीत ते दगडी चाकाखाली रगडत. आपल्याकडे वाडे बांधताना बैल जुंपून चुना मळायची जी घाणी असे, हुबेहूब तशी. रस आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. फारसीत याला नेमका शब्द आहे, दो-आतिशा, म्हणजे दोनदा आगीतून गेलेली.

गाळताना पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात. पहिलीला डोके म्हणतात, शेवटचीला शेपूट, आणि ठेवतात ते मधले, त्याला काळीज म्हणतात. कुठे तोडायचे, हे गाळणाऱ्याचे नाक आणि जीभ ठरवते. नंतर ती दारू ओकच्या पिंपात मुरवली तर लाकडाचा रंग आणि व्हॅनिलासारखा गोडवा तिच्यात उतरतो. दोन महिन्यांपुढे मुरली की तिचे नाव बदलते, वर्षाने आणखी बदलते. न मुरवलेल्या ब्लँकोला लाकडाचा आधार नसतो. केकताड कच्चे कापले असेल, शिजवताना घाई केली असेल, पहिली धार लोभाने आत घेतली असेल, तर ते तिच्यात लपत नाही. म्हणून तिकडचे जाणकार म्हणतात, गाळणाऱ्याची परीक्षा घ्यायची तर त्याची ब्लँको मागा.

आमच्या बैठकीत ही परीक्षा आम्ही दोघांनी केली. मित्र जिभेने, मी तळहाताने. पहिल्या बाटलीवर ‘शंभर टक्के अगावे’ असे लिहिले होते. म्हणजे सगळी साखर केकताडाचीच. मित्राने आधी पेला उजेडात धरून फिरवला. काचेवरून ओघळ सावकाश उतरले. पेल्यात नाक न खुपसता, थोडे दूर धरून, तोंड किंचित उघडे ठेवून वास घेतला. मग लहानसा घोट, तोंडभर फिरवलेला. म्हणाले, ‘आधी भाजल्या रताळ्याची गोडी. मग लिंबाच्या सालीचा कडवटपणा. मिरी. गिळल्यावर जिभेवर माती राहते, पहिल्या पावसाची.’ माझ्या तळहातावर लिंबू काही आले नव्हते, बाकीचे आले होते.

दुसऱ्या बाटलीवर ती ओळ नव्हती. तिथल्या नियमानुसार साखरेतला किमान ५१ टक्के वाटा केकताडाचा असला तरी तिला टकीला म्हणता येते. बाकी साखर उसाची किंवा इतर कशाची असू शकते. तिचे दोन थेंब चोळले. झिणझिण्या जास्त वेळ राहिल्या, त्यात नखांच्या पॉलिशसारखा एक वास होता, आणि हात सुकल्यावर मागे जवळजवळ काहीच उरले नाही. मित्र म्हणाले, ‘ही लागते, पण सांगत काही नाही. हिच्याबरोबर मीठ-लिंबू का घेतात ते आत्ता कळलं.’ अब्बांच्या भाषेत, पहिल्या बाटलीत फूल होते, दुसरीत नुसता दुकानदार.

मित्राचे ‘ही लागते’ हे दोन शब्द माझ्या मनात अडकून बसले. मी विचार करू लागलो की दारू चांगली आहे हे सांगायला मराठीत कोणते शब्द आहेत? कडक. जहाल. आणि सर्वांत मोठी शाबासकी, ‘पहिल्या धारेची’. मेक्सिकोचा कारागीर जी पहिली धार बाजूला काढतो, तिची आपल्याकडे थोरवी. आपले सगळे शब्द जोराचे आहेत, चवीचा एकही नाही. ज्या भाषेत आंब्याच्या आंबटगोडाला, ज्वारीच्या हुरड्याला, भाकरीच्या पापुद्र्याला शब्द आहेत, ती भाषा इथेच मुकी का?

याचे उत्तर मला इतिहासात सापडते. अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त उसाच्या दारूची कृती दिली आहे, दो-आतिशाही सांगितली आहे. आणि तिची पारख काय? ती हाताला लावून हात विस्तवाजवळ धरला तर ती रंगीत ज्वाळांनी जळते आणि हात भाजत नाही. बघा, त्यांनीही तळहातावरच घेतली होती, पण वासासाठी नाही, आगीसाठी. पारख जोराची होती.

त्या जोराने काय केले ते आपल्याच परिसरात घडले आहे. अकबराचा मुलगा मुराद १५९९ मध्ये जालन्याच्या परिसरात दारूपायी मेला. दुसरा मुलगा दानियाल १६०५ मध्ये बऱ्हाणपूरला गेला. बापाने पहारे बसवले होते, तर नोकराने बंदुकीच्या नळीतून दारू आणली. नळीतला गंज तिच्यात उतरला. हे त्यांचा भाऊ जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो, आणि आपण स्वतः दिवसाला दो-आतिशाचे वीस प्याले घेत होतो हेही लिहितो. बंदुकीच्या नळीतून आलेल्या दारूची चव कोण बघणार?

जहांगीरचा नातू औरंगजेब. तो इथे खुलताबादला दफन आहे. त्याने दारूवर मुहतसिब नेमले. इटालियन प्रवासी मनुची एक गंमत सांगतो. राज्यात न पिणारे दोघेच, मी आणि आपले मुख्य काझी, असे बादशहा म्हणत असे. आणि मनुची पुढे लिहितो की त्या काझीसाहेबांना बाटली मीच गुपचूप पाठवत होतो. मनुचीच्या गोष्टी थोड्या मीठ लावून ऐकाव्यात हे खरे. पण मनाई आणि लपवाछपवी यांची जोडी जुनी आहे, एवढे त्यातून दिसते.

इंग्रजांनी आणि संस्थानांनी यात कराची भर घातली. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला. १८९२ मध्ये तर खास मोहफुलांसाठी कायदा झाला. ठाणे-कुलाब्याकडे झाडाखाली पडणारे फूल घरात साठवणे हाच गुन्हा ठरू लागला. मोहाची दारू ही आपली खरी ब्लँको. फुलापासून गाळलेली, न मुरवलेली, फुलाचा वास राखणारी. आदिवासी घरांत ती देवाला चढते, लग्नात आणि मयतीला लागते. ती घरी गाळणे बंद करून सरकारमान्य भट्टीची, कर भरलेली दारू विकत घ्या, असा त्या कायद्यांचा रोख होता.

मराठवाडा तेव्हा निज़ामाच्या राज्यात. इथे फसली १३१६ चा, म्हणजे १९०६-०७ चा हैदराबाद आबकारी कायदा होता, आणि शिंदी-दारूचे मक्ते लिलावाने जात. मक्त्याला इकडे गुत्ता म्हणत, घेणाऱ्याला गुत्तेदार. आजही मराठवाड्यात कुठल्याही ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. आणि ‘दारूचा गुत्ता’ म्हणजे काय, हे महाराष्ट्रभर माहीत आहे. दारू मिळण्याच्या जागेला आपण जे नाव दिले ते झाडाचे नाही, गाळणाऱ्याचे नाही, महसुलाचे आहे. गुत्तेदाराला बोली वसूल करायची असते. पिणाऱ्याला पोलीस किंवा बायको यायच्या आत संपवायची असते. दोघांपैकी कोणालाच चवीला वेळ नाही.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बंदी सैल झाली, दुकाने उघडली, तरी आजही दारूची विक्री ज्या कायद्याखाली चालते त्याचे नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असेच आहे. दुकानात मिळते ती बहुतेक साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटची. त्या स्पिरिटला ऊस आठवत नाही, म्हणून त्याला वरून संत्र्याचा वास द्यावा लागतो.

आता मी नानांकडे परत येतो. ही गोष्ट मला सांगायची होती आणि सांगायला जड जाते.

नानांचा थोरला मुलगा आम्हा पोरांना दोरावरच्या उड्या शिकवायचा. मी बारा-तेरा वर्षांचा असताना, पोळ्याच्या आठवड्यात, तो कुठूनशी दारू पिऊन आला. रात्री पोट दुखते म्हणाला. सकाळी म्हणाला, ‘डोळ्यापुढं धुकं आलंय, काही दिसंना.’ दुपारी गेला. गाव हळहळले आणि म्हणाले, ‘दारूनं मेला.’ अब्बाही तेच म्हणाले. नाना काहीच म्हणाले नाहीत. दारात वळायला घेतलेला कासरा तसाच पडून राहिला. दारू कसली होती, कोणी दिली, तिच्यात काय होते, हे एकानेही विचारले नाही. कारण दारू ती दारू. वाईट वस्तूत बरे-वाईट काय बघायचे?

२०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. तेव्हाच्या बातम्यांत मी पहिल्यांदा वाचले की मिथेनॉल पोटात गेले की आधी पोटात कळा येतात आणि मग डोळ्यांपुढे धुके येते. कारखान्यात लागणारे ते स्वस्त स्पिरिट, पिण्याच्या दारूत मिसळले जाते. तेहतीसेक वर्षांनी मला कळले की नानांचा मुलगा बहुधा नुसत्या दारूने मेला नव्हता. कोणीतरी त्याला विष विकले होते, आणि आमच्या एका शब्दाने त्या विकणाऱ्याला सोडून दिले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मिथेनॉल जिभेला कळत नाही, नाकाला कळत नाही. आग लावून निळी ज्योत बघायची गावठी परीक्षाही त्यात फसते. ते प्रयोगशाळेतच सापडते. तेव्हा चवीची पारख आली की विष टळेल, असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते वेगळे आहे. जिथे चव विचारण्याची रीत असते, तिथे कोणी केली, कशाची केली, कुठे केली, हेही विचारले जाते. बाटलीवर नाव येते. नावामागे माणूस सापडतो.

मेक्सिकोतही बंदी होती. आपल्या देशातली दारू तिकडे खपावी म्हणून स्पेनच्या राजाने १७८५ मध्ये तिथल्या देशी दारूवर बंदी घातली. दहा वर्षांनी, १७९५ मध्ये, कुएर्वो घराण्याला गाळण्याचा परवाना मिळाला. १९७४ मध्ये टकीला या नावालाच कायद्याचे संरक्षण मिळाले. ठरलेल्या पाच राज्यांतल्या ठरलेल्या भागांबाहेर ते नाव लावता येत नाही. २००६ मध्ये तिथली केकताडाची शेते आणि जुन्या भट्ट्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. खेडुतांची दारू होती, राष्ट्राची ओळख झाली. आपल्या शेजारी गोव्यात फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिथे आजही काजूची फेणी हुंगून पारखणारी माणसे आहेत. २०११ मध्ये डेझमंड नाझरेथ यांनी दख्खनच्या केकताडापासून गाळलेली दारू बाजारात आणली. तिला टकीला म्हणता येत नाही, पण झाड आणि भट्टी यांची गाठ अखेर दख्खनमध्ये पडली. मोहफुले गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्राने सैल केले ते २०२१ मध्ये, म्हणजे त्या १८९२ च्या कायद्यानंतर एकशे एकोणतीस वर्षांनी.

यावरून मी दारूची वकिली करतो आहे असे कोणी समजू नये. ज्या बायांनी आडवी बाटली करून गावातली दुकाने बंद केली, त्यांच्या बाजूला मी तेव्हाही होतो, आजही आहे. घर मोडते तेव्हा दारू किती सुवासिक होती याला काही अर्थ नसतो. मी पीत नाही, पिणार नाही. पण न पिणे म्हणजे न बघणे नव्हे. ज्या वस्तूकडे आपण बघत नाही, तिच्यात कोणी काय मिसळले तेही आपल्याला दिसत नाही.

त्या संध्याकाळी मगरीबची वेळ झाली तसा मी उठलो. मित्राच्या मोरीत साबण लावून दोनदा हात धुतले. वाटेत रिक्षात सहज हात नाकाशी नेला. दारू गेली होती. साबणाच्या खाली, अगदी पुसट, तो हिरवा वास राहिला होता. नानांच्या दारातला. पोळा त्या वर्षी येऊन गेला होता, आणि बाजारात सगळे कासरे नायलॉनचे होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)